अब्बांची पेटी आणि गिरगावचं मॅजेस्टिक

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा गावाकडून फोन आला. "आपा, घराला रंग काढलाय. माळ्यावरची अब्बांची पेटी खाली घेतली आहे. भंगारवाला दारात उभा आहे. देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "त्याला परत पाठव. मी जुम्म्याला येते."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. ते गप्प राहणं मला कळलं. त्या पेटीत काय आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तिच्याबद्दल आमच्या घरात कधी एकमत नव्हतं.

आमचे मरहूम अब्बा नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. आधी दारावर तिकिटं फाडायला लागले, मग मशीनच्या खोलीत मदतनीस आणि शेवटी लायसन काढून पक्के ऑपरेटर. सत्तावीस वर्षं त्यांनी ते काम केलं. आता ती टॉकीज नाही. तिथे मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं आहेत. रिक्षावाले मात्र अजूनही त्या कोपऱ्याला टॉकीजच्याच नावाने ओळखतात. ज्यांनी तिथे एकही पिक्चर पाहिला नाही अशी पोरंही "टॉकीजपाशी सोड" म्हणतात.

आमचे आजोबा, म्हणजे दादामियाँ, शिलाईकाम करायचे. पाच वक्त नमाजी माणूस. मुलगा टॉकीजमध्ये लागला तेव्हा ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की, माझ्या ताटात माझ्याच मशीनचे पैसे पडू देत. शेवटपर्यंत त्यांनी तसंच केलं. घर एक, चूल एक, पण दादामियाँच्या पिठाचा डबा वेगळा. अम्मीने तो हिशेब तीस दिवसांच्या तीस दिवस सांभाळला. अब्बांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. माझ्या भावाला लहानपणापासून हे सगळं बोचत असे. पुढे त्याची दोन्ही मुलं हाफिज झाली. टॉकीजचं सामान घरात कशाला, हा त्याचा प्रश्न लोभाचा नव्हता, संकोचाचा होता. म्हणून मी त्याला कधी दोष दिला नाही.

जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही दोघं पेटीसमोर बसलो. झाकण उघडलं आणि सिरक्यासारखा आंबट वास नाकात शिरला. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की असाच वास येतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आत फिल्मचे लहान-मोठे तुकडे, कागदात गुंडाळलेली कार्बनची अर्धवट जळालेली कांडकी, गुलाबी-पिवळ्या कागदावर छापलेली जाहिरातीची पत्रकं आणि तळाशी एक लांबट हिशेबाची वही.

ती कांडकी पाहून मला अब्बांचे हात आठवले. आताच्या मुलांना सांगावं लागेल की, तेव्हा मशीनमध्ये बल्ब नसे. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी पेटवायची आणि त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात पिक्चर पडद्यावर जायचा. कांड्या जळत जळत आखूड होत. त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडदा काळवंडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. म्हणून ऑपरेटरने सारखं लक्ष ठेवून चाक फिरवत राहायचं. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. दुसऱ्यांदा ठिपका आला की पहिलं बंद. हॉलमधल्या माणसाला कळायलाही नको. अब्बा म्हणत, "माझं काम चांगलं झालं, तर मी तिथे होतो हे कुणालाच कळत नाही."

तेच अब्बा आम्हाला एक गोष्ट सांगत. मुंबईत गिरगावात मॅजेस्टिक नावाचं थिएटर होतं, आपल्या देशातला पिक्चर पहिल्यांदा तिथे बोलला. ही गोष्ट ते अशा आवाजात सांगत की, जणू आपल्या खानदानाचीच आहे. गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गिरगावात गेले. तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. नाव राहिलं, थिएटर नाही. दोन दुकानदारांना विचारलं. एकाला ठाऊक होतं, दुसऱ्याने हसून पुढचं गिऱ्हाईक पाहिलं.

या थिएटरची गोष्ट आपल्या घरांमध्ये माहीत असायला हवी. कारण ते बांधणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव फारसं कुणी घेत नाही.

अब्दुलअली युसुफअली हे सुरतचे. जन्म १८८४ चा. सतरा-अठरा वर्षांच्या वयात ते तंबू आणि पिक्चरचं मशीन घेऊन घराबाहेर पडले. १९०१ ते १९०७ या काळात ब्रह्मदेश, सिलोन, सिंगापूर, जावा, सुमात्रा असे फिरले. १९०८ पासून १९१४ पर्यंत हिंदुस्थानात गावोगाव फिरले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता. चार खांबांवर उभा राही आणि त्यात हजारभर माणसं मावत. पिक्चर म्हणजे दोन-तीन मिनिटांचे मूक तुकडे. असे चाळीस-पन्नास तुकडे जोडून एक खेळ व्हायचा. आपल्या नगर जिल्ह्यात जत्रेला, उरुसाला तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र लगेच दिसेल. मागे जनरेटरचा आवाज, पुढे जमिनीवर बसलेली माणसं, मधून वाऱ्याने हलणारा पडदा. त्या तंबूवाल्यांच्या अगदी पहिल्या पिढीतला हा माणूस.

१९१४ मध्ये त्यांनी अर्देशीर इराणी यांच्याशी भागीदारी केली. इराणी पुण्यात जन्मलेले, पारशी समाजातले. दोघांनी मिळून मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतलं आणि १९१८ मध्ये गिरगावात मॅजेस्टिक बांधलं. एक मुसलमान, एक पारशी आणि थिएटर मराठी वस्तीच्या अगदी मध्यावर. गिरगावाला सिनेमा नवा नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी याच भागातल्या कॉरोनेशनमध्ये लागला होता. तेही थिएटर आज नाही.

मॅजेस्टिकचा मोठा दिवस उजाडला तो १४ मार्च १९३१ रोजी. इराणींच्या इम्पीरियल फिल्म कंपनीचा 'आलम आरा' त्या दिवशी तिथे लागला. आलम आरा म्हणजे जगाची शोभा. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतलेली राजपुत्र आणि बंजारन मुलीची ही कहाणी. दोन तासांचा पिक्चर आणि त्यात सात गाणी. पडद्यावरची माणसं तोपर्यंत फक्त ओठ हलवत. त्या दिवशी ती बोलली आणि गायली.

तो बनला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. आवाज फिल्मवर थेट टिपायचा असल्याने एक गाडी गेली की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान, गाड्या थांबलेल्या असताना काम चाले. मायक्रोफोन दिसू नयेत म्हणून इथेतिथे लपवून ठेवत. मशीन बसवायला अमेरिकेहून एक जाणकार आला होता, त्याची रोजची फी शंभर रुपये. इराणींनी त्याच्याकडून जुजबी माहिती घेतली आणि पुढचं काम आपल्या सहकाऱ्याबरोबर स्वतःच केलं. गाण्याच्या वेळी वाजवणारेही कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे कुठेतरी दडून बसत आणि पेटी-तबल्यावर साथ देत.

नायिका होत्या जुबेदा. त्यांच्या आई फातमा बेगम या हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक. नायक मास्टर विठ्ठल, मूकपटांतले मारामारीचे गाजलेले मराठी नट. आधीच्या कंपनीने त्यांच्यावर कराराचा दावा लावला तेव्हा कोर्टात त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि ते जिंकले. पण उर्दू बोलताना मास्टर विठ्ठलांची जीभ अडखळे. त्यामुळे त्यांना बरंचसं बेशुद्ध किंवा गुंगीत दाखवण्याची युक्ती काढली गेली, असं सांगतात. शुद्ध उर्दूच्या बाबतीत आपल्या घरातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना हा प्रसंग ऐकून थोडा धीर येईल. आणि पहिलं गाणं कुणाचं? वजीर मोहम्मद खान यांचं. ते एका फकिराच्या भूमिकेत होते. आपल्या देशाच्या पडद्यावर ऐकू आलेलं पहिलं गाणं म्हणजे खुदाच्या नावाने दान मागणाऱ्या फकिराची हाक. दादामियाँना हे ठाऊक असतं तर ते काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा आला आहे.

त्या दिवशी मॅजेस्टिकसमोर इतकी गर्दी उसळली की पोलिस बोलवावे लागले. रांगेत उभं राहण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच. जो घुसेल त्याला तिकीट. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं गेलं. त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' याच मॅजेस्टिकमध्ये लागला. तो पहिला मराठी बोलपट. म्हणजे हिंदी-उर्दू आणि मराठी, आपण घरात आणि घराबाहेर बोलतो त्या दोन्ही भाषा एकाच पडद्यावरून पहिल्यांदा ऐकू आल्या. त्याच वर्षी आपल्या नगरला जन्मलेला, चौदा वर्षांचा शाहू मोडक 'श्यामसुंदर' या बोलपटातून लोकांसमोर आला. ख्रिस्ती घरातला हा मुलगा पुढे पडद्यावरचा कृष्ण म्हणून देशभर ओळखला गेला.

आज त्यातलं काय उरलं? मराठी वाचकाला मॅजेस्टिक म्हटलं की आधी पुस्तकं आठवतात. पुस्तकांचं ते नावही या थिएटरच्या शेजारातूनच आलेलं. इराणी आणि युसुफअली यांच्या अलेक्झांड्राचीही कहाणी वेगळीच झाली. मुंबई सेंट्रलजवळच्या त्या इमारतीत इंग्रजी पिक्चर मजेशीर हिंदी नावांनी लागत. आता तिथे नमाज होते आणि दीनी तालीम दिली जाते. एकाच भागीदारीतली दोन थिएटरं. एकाचा बाजार झाला, एकाची इबादतगाह. इमारतीचं काम बदलतं, त्यात रडण्यासारखं काही नाही. रडण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. खुद्द 'आलम आरा' आज कुठेच नाही. एकही प्रत नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, पण जो पिक्चर पहिल्यांदा बोलला, त्याचा एक शब्दही आज कुणाला ऐकता येत नाही.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ते उभं करणारे पी. के. नायर या पिक्चरचा शोध घेत अर्देशीर इराणींकडे गेले होते. इराणी तेव्हा खूप वृद्ध झाले होते. दोन-तीन रिळं कुठेतरी पडलेली असतील, असं ते म्हणाले. पण त्यांच्या मुलाने नायरांना बाजूला घेऊन सांगितलं की ती रिळं आपण केव्हाच विकली, त्यातली चांदी काढून घेण्यासाठी. नायरांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असे. भट्टीवाले किलोच्या भावाने फिल्म घेत, चांदी काढत आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्याही होत. हे एकट्या इराणींच्या घरात झालं नाही. मूकपटांच्या जमान्यातले बहुतेक पिक्चर असेच गेले. मला त्या मुलाचा राग येत नाही. जुनी, धोकादायक, पटकन पेट घेणारी फिल्म घरात पडून होती, तिला कुणी विचारत नव्हतं, आणि दारात घेणारा उभा होता. अगदी आमच्या दारात होता तसाच.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आपा, ते मोठे लोक. अब्बांच्या वहीत काय असणार? किती तिकिटं गेली तेच ना?"

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. आम्ही वही उघडली. अब्बा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, म्हणून नोंदी मराठीत. पिक्चरचं नाव, कितवा आठवडा, रिळं किती, कुठलं रीळ तुटून आलं, कार्बन किती जळाले. मधे मधे एखादी ओळ वेगळी. 'पाऊस. सहाचा शो बंद.' 'लाइट गेली, पब्लिकला पास दिले.' 'एस.टी. चुकली, पेटी आली नाही, जुनाच पिक्चर लावला.' 'बायकांच्या बाजूचा पडदा फाटला, नवा शिवून घेतला.' या शेवटच्या ओळीपाशी भाऊ थांबला. पुढे कंसात लिहिलं होतं, 'वालिदसाहेबांनी शिवला. पैसे घेतले नाहीत.'

ज्या दादामियाँच्या ताटात टॉकीजचा एक पैसा चालत नव्हता, त्यांनी टॉकीजमधल्या बायकांच्या बाजूचा पडदा स्वतः शिवून दिला होता.

नंतर आम्ही पान पान वाचलं. आणखी एक नोंद सापडली. 'रोजा सोळावा. सहाचा शो. चौथ्या रिळाला अजान झाली. मशीन सोडता येईना. वालिदसाहेब जिन्यावर डबा ठेवून गेले. खजूर, भजी, पाणी. आत आले नाहीत.' त्याच्या पुढच्या वर्षीच्या रमजानात अशा नऊ नोंदी आहेत. त्यांतली फक्त 'डबा आला' एवढीच अक्षरं असलेल्याही आहेत.

सिनेमा बरा की वाईट, याचा निकाल त्या वहीत नाही. दादामियाँचं मत बदललं असंही मी म्हणणार नाही. पिठाचा डबा वेगळाच राहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आमच्या घरात पन्नास वर्षं असा समज होता की बाप-लेकांत या नोकरीवरून दुरावा होता. तो समज घेऊन अम्मी गेली, आणि भाऊ इतकी वर्षं मनात एक गाठ घेऊन वावरला. खरी गोष्ट माळ्यावर पडलेली होती. किलोच्या भावाने गेली असती.

भावाने दुसऱ्या दिवशी स्वतः सामान वेगळं केलं. गंजलेले डबे आणि लोखंडी स्पूल भंगारात दिले. वही आपल्या कपाटात ठेवली, कुलपात. पत्रकं आणि फिल्मचे तुकडे मी नगरला घेऊन आले. त्याच्या थोरल्या मुलाने वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरातल्या सगळ्यांना पाठवला. 'डबा आला' हे पान त्याने दोनदा पाठवलं.

वाचक भावांनो आणि भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांत कुणी ऑपरेटर होतं, कुणी बोर्ड रंगवत होतं, कुणी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होतं, कुणी तंबूवाल्यांबरोबर जत्रा फिरत होतं. त्या कामाची काही घरांत लाज वाटे, काही घरांत अभिमान. दोन्ही घरांना माझी विनंती सारखीच आहे. पेटी विकायच्या आधी एकदा बसून पाहा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव आणि गाव लिहा, शाईने नको, ती पुढे उमटते. वह्या, पावत्या कोरड्या जागी ठेवा आणि पानांचे फोटो काढून दोन-तीन जणांकडे राहू द्या. फिल्मचा तुकडा असेल तर तो विस्तवापासून आणि स्टोव्हपासून दूर ठेवा. १९५० च्या आधीची फिल्म असेल तर फारच जपून, ती भडकन पेटते. सिरक्याचा वास येणारी फिल्म बंद डब्यात कोंडू नका आणि इतर फिल्मपासून वेगळी ठेवा. ठेवायला जागाच नसेल तर पुण्याचं चित्रपट संग्रहालय नगरपासून तीन तासांवर आहे. तिथे पिक्चरबरोबर जुनी पोस्टरं, फोटो आणि गाण्यांच्या पुस्तिकाही सांभाळतात. आधी विचारून घ्या.

आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर आज मगरिबनंतर टीव्ही थोडा वेळ बंद करून त्यांना विचारा, आपल्या गावात टॉकीज कुठे होती, बायका कुठल्या बाजूला बसायच्या, आणि आपल्या घरातून तिथे कोण जायचं, कोण जायचं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही लिहून ठेवा.